न सापडणे आणि नसणे

मराठीत 'नाही' हा एकच शब्द दोन वेगळी कामे करतो. 'साखर नाही' असे म्हणणारा माणूस कधी डबा उघडून, तळाशी पाहून बोलत असतो, तर कधी फळीवरून नुसती नजर फिरवून. पहिल्याला साखरेचा अभाव कळलेला असतो, दुसऱ्याला साखर फक्त सापडलेली नसते. तोंडातून निघणारे वाक्य मात्र दोघांचेही तेच. दुकानाच्या काउंटरवर 'अनुपलब्ध' अशी पाटी लावतात, ती या बाबतीत जास्त प्रामाणिक आहे. मिळाले नाही एवढेच ती सांगते. भारतीय तर्कशास्त्राने हा शब्द घेऊन शतकानुशतके वाद घातला, आणि त्या वादाचा गाभा एका प्रश्नात मावतो: न दिसण्यावरून नसणे केव्हा सिद्ध होते? ईश्वर, आत्मा, परलोक यांच्याविषयीची भांडणे अखेर याच प्रश्नापाशी येऊन थांबतात. पण तिथे कोणाचे चुकले याचा निकाल लागत नाही, म्हणून दोन्ही बाजू आपापल्या खात्रीत राहतात. ज्या जागी निकाल लागतो अशी एक जागा घेऊन हा प्रश्न तपासावा असे मला वाटते. आजच्या काळात अशी एक चांगली जागा म्हणजे लिनक्स मशीनवर न जुळणारे डेटाबेसचे कनेक्शन.

एक साधा प्रसंग घेऊ. एखादे वेब ॲप्लिकेशन उबुंटूवर चाललेले असते, ते रॉकी लिनक्सच्या मशीनवर हलवतात. कॉन्फिग फाईल जशीच्या तशी उचललेली, होस्ट म्हणून 'लोकलहोस्ट', म्हणजे हेच मशीन, आणि खाली सॉकेटचा पत्ता. ॲप्लिकेशन चालू करताच एरर येतो, क्रमांक २००२: अमुक सॉकेटमधून स्थानिक मायएसक्यूएल सर्व्हरशी कनेक्ट होता येत नाही. शेवटी कंसात एक छोटा आकडा, २. वाचणाऱ्याच्या मनात ताबडतोब वाक्य तयार होते: 'सर्व्हर बंद आहे.' पण सर्व्हर व्यवस्थित चालू असतो. मायएसक्यूएलच्या जगात लिनक्सवर 'लोकलहोस्ट' लिहिले की कनेक्शन नेटवर्कच्या वाटेने जातच नाही. पोर्ट ३३०६ असे स्पष्ट लिहिले तरी मायएसक्यूएलचा क्लायंट ते बाजूला ठेवतो आणि मशीनच्याच फाईलव्यवस्थेतल्या सॉकेट नावाच्या खास फाईलकडे वळतो. ही फाईल डेबियन-उबुंटूच्या कुळात 'रन' फोल्डरातल्या 'मायएसक्यूएलडी'मध्ये असते. रेड हॅट, रॉकी, फेडोरा यांच्या कुळात 'व्हार' खालच्या 'लिब'मधल्या 'मायएसक्यूएल' फोल्डरात. आणि मूळ सोर्सवरून बांधलेल्या मायएसक्यूएलमध्ये बहुधा 'टेम्प'मध्ये. कंसातला २ हा लिनक्सचा स्वतःचा आकडा आहे आणि त्याचा अर्थ 'या नावाची फाईल किंवा फोल्डर नाही' एवढाच. म्हणजे मशीनने सांगितलेली गोष्ट शब्दशः खरी होती: त्या जागी ती फाईल नाही. 'सर्व्हर नाही' ही भर वाचणाऱ्याने घातली.

ही भर घालण्याची सवय किती जुनी आहे आणि तिच्यावर किती बारकाईने विचार झाला आहे, हे पाहण्यासारखे आहे. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत सातव्या कारिकेत असलेली वस्तू न दिसण्याची आठ कारणे दिली आहेत: फार दूर असणे, फार जवळ असणे, इंद्रिय बिघडणे, मन जागेवर नसणे, वस्तू सूक्ष्म असणे, मध्ये आडपडदा असणे, बलवत्तर वस्तूने तिला झाकोळणे आणि तशाच वस्तूंच्या घोळक्यात ती मिसळून जाणे. त्याच्याही आधी पतंजलीच्या महाभाष्यात, व्याकरणातल्या लिंगाच्या चर्चेत, अशीच सहा कारणे येतात. दूरची वस्तू दिसत नाही हे कोणीही सांगेल. पण दोन्ही याद्यांमध्ये 'अतिशय जवळ असणे' हे कारण आहे, आणि ते ध्यानात येण्यासाठी विचार करावा लागतो. डोळ्यातले काजळ डोळ्याला दिसत नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण आपण दुसऱ्याच्या वेंधळेपणावर वापरतो, पण तिच्यात ज्ञानाची एक खरी अडचण सांगितली आहे. लोकलहोस्टचा प्रसंग नेमका तिथला आहे. डेटाबेस दुसऱ्या मशीनवर असता तर कनेक्शन नेटवर्कने गेले असते, आयपी पत्ता आणि पोर्ट बरोबर असते तर जुळलेही असते. तो याच मशीनवर आहे म्हणून वाट बदलली, आणि वाट बदलली म्हणून तो सापडेना. होस्टच्या जागी १२७.०.०.१ लिहिले की तोच सर्व्हर, त्याच मशीनवर, नेटवर्कच्या वाटेने बहुतेक वेळा लगेच भेटतो. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये पुन्हा उलटे आहे: तिथे 'लोकलहोस्ट' लिहिले की कनेक्शन नेटवर्कच्या वाटेने जाते, आणि होस्ट अजिबात लिहिला नाही तर सॉकेटच्या. एकच शब्द, दोन सर्व्हर, दोन अर्थ. आणि शब्दाचा अर्थ आपल्याला ठाऊक आहे ही खात्री दोन्हीकडे सारखीच.

आडपडद्याचे कारण तर याहून बोलके आहे. डेटाबेस दुसऱ्या मशीनवर असेल आणि मध्ये फायरवॉल असेल, तर उत्तर कोणत्या रूपात येते ते त्या मशीनवरच्या लिनक्सच्या कुळावर अवलंबून असते. उबुंटूवर यूएफडब्ल्यू चालू केली असेल तर न मागितलेले पॅकेट ती गुपचूप टाकून देते. विचारणारा वाट पाहत राहतो आणि शेवटी त्याला 'टाइम आऊट' मिळतो. रेड हॅटच्या कुळात फायरवॉलडी चालू असते, ती पॅकेट नाकारते आणि तसा निरोप परत पाठवते. पण तो निरोप विचारणाऱ्याच्या लिनक्सपर्यंत येता येता ११३ क्रमांकाचा एरर होतो, आणि त्याचे शब्द असतात 'होस्टकडे जाणारा रस्ता नाही'. रस्ता असतो. निरोप त्याच रस्त्याने आलेला असतो! हे शब्द प्रमाण मानून माणसे तासन् तास राउटिंग टेबल तपासत बसतात. तिसरी शक्यता १११ ची, 'कनेक्शन नाकारले'. वाचायला हे सगळ्यात कठोर वाटते, पण तिघांत सगळ्यात जास्त माहिती बहुधा हेच देते: मशीन जिवंत आहे, रस्ता मोकळा आहे, फक्त त्या पत्त्यावर आणि त्या पोर्टवर कोणी ऐकत बसलेले नाही. तीन वेगळी अज्ञाने आहेत, आणि पहिल्या दृष्टिक्षेपात तिन्हींचे भाषांतर एकच होते: 'डेटाबेस नाही.'

इथवर वस्तू आणि तिच्यापर्यंतची वाट यांचा विचार झाला. पाहणारा बदलला तर काय होते, हे एसईलिनक्समुळे स्पष्ट कळते. रेड हॅटच्या कुळात ही सुरक्षाव्यवस्था मुळातच लागू असते. तिच्या नियमांनुसार वेब सर्व्हरला नेटवर्कवरून डेटाबेसकडे जाण्याची परवानगी नसते. त्यासाठी एक ठरावीक स्विच चालू करावा लागतो. टर्मिनलवर बसलेल्या ॲडमिनला हे बंधन नसते. त्यामुळे ॲडमिन स्वतः कनेक्ट करून पाहतो, ते जुळते. त्याच मशीनवरून, त्याच पासवर्डने ॲप्लिकेशन कनेक्ट करते, आणि १३ क्रमांकाचा एरर येतो, परवानगी नाही. 'मला तर दिसतोय' हे ॲडमिनचे म्हणणे खरे आहे आणि 'मला दिसत नाही' हे ॲप्लिकेशनचे म्हणणेही खरे आहे. पोस्टग्रेसचे पीअर ऑथेंटिकेशन असेच पाहणाऱ्यावर अवलंबून असते: सॉकेटवरून आलेला माणूस लिनक्सच्या लेखी कोण आहे ते पाहून दार उघडते, म्हणून एका लॉगिनला जे सहज मिळते ते दुसऱ्याला पासवर्ड बरोबर असूनही मिळत नाही. दिसण्याची योग्यता केवळ वस्तूत नसते, पाहणाऱ्यातही असावी लागते. एकाच्या प्रत्यक्षाने दुसऱ्याचे न दिसणे खोटे ठरत नाही, आणि दुसऱ्याच्या न दिसण्याने पहिल्याचे प्रत्यक्षही खोटे ठरत नाही. दोघांनी भांडण्यापेक्षा आपण कोण म्हणून पाहिले हे आधी सांगावे, एवढी अपेक्षा मात्र रास्त आहे.

आठ कारणांपैकी शेवटचे, सारख्यांच्या घोळक्यात हरवण्याचे, मला सर्वांत शिकवणारे वाटते. डेबियन आणि उबुंटूवर पोस्टग्रेसच्या दोन आवृत्त्या शेजारी शेजारी चालू शकतात. पहिली ५४३२ पोर्टवर असेल तर नवीन आलेली ५४३३ घेते. ॲडमिन एकीवर डेटाबेस तयार करतो, ॲप्लिकेशन दुसरीकडे जाते आणि उत्तर येते: 'या नावाचा डेटाबेस अस्तित्वात नाही.' इथे वाट मोकळी आहे, पाहणारा योग्य आहे, ओळख पटली आहे, सर्व्हरने आपली यादी तपासून उत्तर दिले आहे. हे अभावाचे खरे ज्ञान आहे. चूक आहे ती अभावाच्या जागेत. नैयायिकांचा, म्हणजे न्यायदर्शनाच्या विचारवंतांचा, आग्रह असतो की अभाव कधीच मोकळा नसतो. कशाचा अभाव आणि कुठे अभाव, म्हणजे प्रतियोगी आणि अधिकरण, दोन्ही सांगितल्याशिवाय ते वाक्य पुरे होत नाही. 'घट नाही' हे अर्धे बोलणे झाले, 'या भूतलावर घट नाही' हे पुरे. सर्व्हरने पुरे वाक्य सांगितले होते, 'माझ्याकडे नाही'. आपण त्यातले 'माझ्याकडे' गाळून ऐकले. कंटेनरच्या आत चालणारे ॲप्लिकेशन 'लोकलहोस्ट' म्हणते तेव्हाही हेच होते. त्याचा लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनर, बाहेरचे मशीन नव्हे.

आता यातून काय निघते? 'न दिसणे हा नसण्याचा पुरावाच नाही' असा निष्कर्ष काढावा असे कोणाला वाटेल, पण तो घाईचा आहे. तसे असते तर 'सर्व्हर बंद आहे' असे कधीच म्हणता आले नसते, आणि सर्व्हर कधी कधी खरोखरच बंद असतो. जुन्या तर्ककारांनी हा तिढा सोडवून ठेवला आहे. मीमांसक कुमारिल भट्टाच्या परंपरेने अनुपलब्धीला, म्हणजे न सापडण्याला, ज्ञानाचे स्वतंत्र साधन, प्रमाण, मानले, नैयायिकांनी अभावाचे ज्ञान इंद्रियांतूनच होते असे म्हटले, बौद्ध तर्ककार धर्मकीर्तीने ते अनुमानात बसवले. भांडण कडाक्याचे होते. पण एका अटीवर सगळे एकत्र आले: वस्तू तिथे असती तर दिसलीच असती अशी परिस्थिती आधी असली पाहिजे. उजेड आहे, डोळे नीट आहेत, समोर मोकळी जमीन आहे आणि घट दिसत नाही, तर घट नाही. बौद्ध तर्कग्रंथांत पिशाचाचे उदाहरण येते ते याच्या विरुद्ध टोकाला: जे मुळातच डोळ्यांना दिसणाऱ्यातले नाही, ते दिसले नाही म्हणून नाही असे म्हणता येत नाही. लिनक्सवर या अटीची पूर्तता करण्याची साधने आहेत. 'एसएस' ही कमांड त्या मशीनवर कोण कोण ऐकत बसले आहे याची यादी थेट कर्नलकडून आणते. पुरेशा अधिकाराने आणि योग्य नेमस्पेसमध्ये ती चालवली आणि यादीत मायएसक्यूएल नसेल, तर तो ऐकत नाही, विषय संपला. 'एसट्रेस' लावली की ॲप्लिकेशन नेमके कोणत्या पत्त्यावर हात घालते ते अक्षरशः वाचता येते. कनेक्शन दुरुस्त करण्याच्या कामातला बराच भाग डेटाबेस शोधण्याचा नसतोच. असता तर दिसला असता अशी जागा आणि वेळ तयार करण्याचा तो असतो. ती तयार झाली की 'नाही' म्हणायचा अधिकार मिळतो, आणि मग तो बेलाशक बजावावा.

यावर एक आक्षेप असा येईल की हे काम इंजिनिअरचे आहे, त्याला दर्शनांची झालर कशाला. सॉकेटचा पत्ता दुरुस्त केला की झाले. पत्ता ठाऊक असणाऱ्याला दर्शनांची गरज नाही हे कबूल. पण पत्ता ठाऊक नसताना माणूस काय करतो ते पाहावे. एका झटक्यात पाच सेटिंग्ज बदलतो, फायरवॉल बंद करतो, एसईलिनक्स काढून टाकतो, आणि शेवटी सर्व्हरच पुसून नव्याने बसवतो. यातला एकही निर्णय लिनक्सच्या अज्ञानातून आलेला नाही. तो 'सापडत नाही'वरून 'नाही'वर उडी मारल्यामुळे आला आहे, आणि ही चूक तर्काची आहे. दुसरा आक्षेप उलट्या दिशेचा, आणि तो आपल्याकडे कौतुकाच्या सुरात येतो: म्हणजे आपल्या शास्त्रांत हे सगळे आधीच होते तर! नव्हते. ईश्वरकृष्णाला सॉकेट ठाऊक नव्हता, आणि कारिकेत नेटवर्क शोधणे हा त्याच्या बुद्धीचा अपमान आहे. त्याने आणि पतंजलीने ज्ञानाच्या घसरणीच्या जागा शोधल्या, आणि जाणणारा माणूस तोच असल्यामुळे त्या जागा बदललेल्या नाहीत.

तिसरा आक्षेप खरा वजनदार आहे, आणि तो मूळ प्रश्नाकडे परत नेतो. डेटाबेसच्या बाबतीत वाट दुरुस्त करून अखेर पाहता येते. ईश्वराच्या बाबतीत तसे काही करता येत नाही, मग ही तुलना टिकते कशी? नैयायिक उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत चार्वाकाला दिलेले उत्तर इथे आठवते. न दिसणे म्हणजेच नसणे असेल, तर घराबाहेर पडलेल्या चार्वाकाने बायकामुले दिसत नाहीत म्हणून ती नाहीतच असे समजून छाती पिटून रडायला हवे. उत्तर बिनतोड आहे, पण ते कुठवर पोचते हे त्याच काटेकोरपणे पाहिले पाहिजे. 'दिसत नाही म्हणून ईश्वर नाही' हे वाक्य त्याने पडते. 'म्हणून ईश्वर आहे' हे वाक्य त्याने उभे राहत नाही. उदयनांना हे पुरते ठाऊक होते, म्हणून ईश्वर सिद्ध करण्यासाठी त्यांनी पुढे वेगळी अनुमाने मांडली. सांख्यांनीही हाच नियम वापरला: प्रकृती सूक्ष्म आहे म्हणून दिसत नाही, नाही म्हणून नव्हे, आणि ती आहे हे तिच्या कार्यांवरून कळते. म्हणजे न दिसण्याची सफाई देऊन ते थांबले नाहीत, असण्याचा पुरावा वेगळा दिला. ईश्वर न मांडणारे सांख्य, ईश्वर सिद्ध करणारे उदयन आणि ईश्वराचे खंडन करणारे धर्मकीर्ती या तिघांच्याही हाती हा नियम आहे, आणि कोणाच्याही बाजूने तो झुकत नाही. मला तो विश्वासार्ह वाटतो याचे मोठे कारण हेच.

आस्तिकाला या नियमाची धार नास्तिकाइतकीच लागते. मायएसक्यूएल अचानक कोसळला तर सॉकेटची फाईल मागे राहू शकते. फोल्डरात ती दिसते, नाव बरोबर, जागा बरोबर. पण कनेक्ट करायला जावे तर १११, आत कोणी नाही. खूण दिसली म्हणजे वस्तू आहे असेही नाही. धुरावरून अग्नी सांगताना जशी व्याप्ती, म्हणजे दोघांचा अतूट संबंध, तपासावी लागते, तशी श्रद्धेने दाखवलेल्या प्रत्येक खुणेचीही तपासावी लागेल, मग ती खूण चमत्काराची असो, परंपरेची असो की एखाद्याच्या आतल्या अनुभवाची. आणि कोणत्याही पाहणाऱ्याला, कोणत्याही वाटेने, कोणत्याही अवस्थेत जे कळणारच नाही, आणि ज्याचे कार्यही दाखवता येत नाही, अशा गोष्टीबद्दल 'आहे' आणि 'नाही' या दोन्ही शब्दांना सारखाच आधार उरतो, म्हणजे काहीच नाही. तिथे गप्प राहणे मला जास्त खरे वाटते. संत-साधक मात्र सहसा तसे म्हणत नाहीत. ते म्हणतात की पाहणाऱ्याची तयारी झाली की कळते. ते म्हणणे या नियमात बसते, फक्त मग तयारी काय आणि ती झाली हे कसे ओळखायचे, हे सांगण्याची जबाबदारी त्यांच्यावर येते. तयारी न करताच 'मी पाहिले, काही नाही' म्हणणाऱ्यावर ती तयारी करण्याची जबाबदारी येते. दोघेही ती टाळतात तेव्हा वाद नुसता आवाजाचा होतो.

मशीनपुरते सांगायचे तर 'सापडत नाही'वरून 'नाही'वर मारलेल्या उडीची किंमत हिशेबात मोजता येते. डेबियन-उबुंटूवर मायएसक्यूएल पर्ज करायला, म्हणजे मुळासकट काढायला, घेतला की एक प्रश्न समोर येतो: डेटाबेसही काढून टाकायचे का? ज्याच्या मनाने सर्व्हर आधीच 'नाही' म्हणून टाकला आहे, त्याचे बोट सहज 'हो'वर जाते, आणि न सापडलेला डेटा त्या क्षणी खरोखर नसलेला होतो. तुमच्यावर ही वेळ आली तर एवढे करा: कंसातला आकडा पुन्हा वाचा, २ आहे, १३ आहे, १११ आहे की ११३, 'एसएस'ची यादी काढा, आणि 'व्हार-लिब'मधले 'मायएसक्यूएल' फोल्डर एकदा उघडून आत काय आहे ते पाहा.